आधी कागद, मग खिळा

वाड्याची वाटणी होते, घर पुनर्विकासाला जातं किंवा गावाकडच्या माडीचं दार बऱ्याच वर्षांनी उघडतं, तेव्हा पितळी समया, तांब्याचे हंडे, झोपाळ्याच्या कड्या यांच्यासोबत एखादी अशी वस्तू निघते की तिच्यावर कुणी पटकन हक्कही सांगत नाही आणि ती टाकूनही देववत नाही. काळविटाचं मुंडकं, गव्याची शिंगं, बिबट्याचं कातडं, क्वचित जबडा वासलेला पट्टेदार वाघ. पणजोबा संस्थानात कारभारी असतील, खोत असतील, जंगलखात्यात नाहीतर रेल्वेत असतील. बंदूक होती, परवाना होता, शिकार झाली. आता पतवंडांपुढे प्रश्न असतो तो हे लावायचं कुठे आणि कसं, एवढाच. सागवानी फळी नवी करावी का, काचेची पेटी करावी का, सोफ्याच्या वर बरं दिसेल की जिन्याच्या वळणावर? माझं म्हणणं असं की हा प्रश्न सजावटीचा समजून सोडवायला बसलं की तो हमखास चुकतो. शिकारीची ही खूण सातबाऱ्यासारखा घरातला दस्तऐवज आहे असं धरून चाललं, की ती कशी लावायची, कुठे लावायची आणि मुळात लावायची का, हे सगळं त्याच एका धोरणातून ठरवता येतं.

दस्तऐवज म्हटला की पहिली चौकशी कागदाची. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात ‘ट्रॉफी’ या सदराखाली काय काय येतं हे वाचलं तर पुष्कळांच्या भुवया वर जातील. पेंढा भरलेलं अख्खं जनावर किंवा मुंडकं त्यात आहेच. शिवाय कातडं, कातड्याचा गालिचा, शिंग, हाड, सुळा, नख, केस, पीस, अंडं, घरटं हेही आहे. म्हणजे दिवाणखान्यातला गवा आणि आजीच्या डब्यातलं सोन्यात मढवलेलं वाघनख कायद्याच्या लेखी एकाच रकान्यात पडतात. या कायद्याने अशा वस्तू बाळगणाऱ्यांना मुख्य वन्यजीव रक्षकांकडे ठरलेल्या मुदतीत नोंद करायला सांगितलं आणि नोंद करणाऱ्याला चौकशीनंतर मालकीचं प्रमाणपत्र देण्याची तरतूद केली. ज्यांनी तेव्हा नोंद केली नाही, त्यांच्यासाठी २००३ साली १८० दिवसांची आणखी एक मुदत निघाली. तीही संपून आता दोन दशकं होऊन गेली. आज कायदेशीर वाट उरली आहे ती वारशाची. प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या मागे ती वस्तू ज्याच्याकडे येते, त्याने वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणापत्र द्यायचं असतं. घरात दुःख असतं, दिवसकार्य, बँका, नावांचे फेरफार यांत तीन महिने कधी सरतात कळतही नाही, आणि भिंतीवरचा वाघ कुणाच्याच यादीत नसतो. बहुतेक घरांचा पाय घसरतो तो इथेच.

‘पण आमच्याकडे परवाना होता’ हा यावरचा ठरलेला आक्षेप. तो खोटा नसतो. जुन्या मुंबई राज्यात वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा १९५१ चा कायदा होता, शिकारीला परवाने मिळत, संस्थानांचे आपापले नियम असत. परंतु परवाना सांगतो ते एवढंच, की त्या दिवशी ती शिकार गुन्हा नव्हती. आज ती वस्तू तुमच्या ताब्यात असण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. त्यासाठी मालकीचं प्रमाणपत्रच लागतं. तरीही जुना परवाना, पेढीचं बिल, शिकारीनंतरचा फोटो, रोजनिशीतलं पान, जे हाती लागेल ते जपून ठेवावं, कारण या कायद्यात पुराव्याचा भार उलटा आहे. अशी वस्तू तुमच्याकडे सापडली तर ती बेकायदा आहे असंच गृहीत धरलं जातं आणि तसं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. वाघ, बिबट्या, गवा, काळवीट, अस्वल ही सगळी पहिल्या अनुसूचीतली जनावरं. त्यांच्या बाबतीतल्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड २५ हजारांपासून सुरू होतो.

‘घरात येऊन बघतंय कोण’ हा दुसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण मनात असतो. केरळमधल्या एका नामवंत नटाच्या घरी २०११ साली प्राप्तिकर खात्याची झडती झाली, त्यात हस्तिदंत निघाले आणि ते प्रकरण त्यानंतर दहा वर्षांहून जास्त काळ न्यायालयात फिरत राहिलं. कर्नाटकात २०२३ साली टीव्हीवरच्या एका कार्यक्रमातल्या स्पर्धकाच्या गळ्यात वाघनखाचं पदक दिसलं, तर वनखात्याने त्याला कार्यक्रमाच्या घरातूनच ताब्यात घेतलं. दोन्ही ठिकाणी शोध घ्यायला कुणी जंगलात गेलं नव्हतं. वस्तू डोळ्यांसमोर होती, एवढंच. आपल्या घरात तर रंगारी येतात, सोसायटीचे लोक येतात, लग्नाचा फोटोग्राफर येतो आणि घरातलाच कुणी तरुण मागे वाघ घेऊन काढलेला सेल्फी जगभर पाठवतो. लपवून ठेवा असं मी सुचवत नाही. लपवलेली वस्तू सापडली की संशय दुप्पट होतो. कागद पक्के करा, म्हणजे लपवायची वेळच येणार नाही.

कागदावर इतकं रेंगाळायला आणखी एक कारण आहे, आणि त्याचा संबंध थेट ट्रॉफी कशी लावायची याच्याशी येतो. नोंदणीच्या वेळी चौकशी करणारे अधिकारी वस्तूवर ओळखचिन्ह लावू शकतात आणि ते चिन्ह पुसणं किंवा बनावट चिन्ह लावणं कायद्याने मना आहे. आता सुताराला बोलावून ‘ही फळी किडलीय, नवी शिसवी करून दे’ म्हणणाऱ्याने जरा थांबावं. जुनं मुंडकं खाली उतरवून उपडं करून बघा. फळीच्या पाठीवर काळवंडलेले खिळे असतात, भिंतीच्या चुन्याचे ओघळ असतात. नीट पाहिलं तर एखाद्या कोपऱ्यात कागदी लेबलाचा उरलेला तुकडा, पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक, शिक्का किंवा तारेने अडकवलेली धातूची चकती दिसते. लेबल बहुधा मुंडकं तयार करणाऱ्या पेढीचं असतं. दक्षिणेतल्या आणि पश्चिम भारतातल्या पुष्कळ वस्तूंवर म्हैसूरच्या व्हॅन इंगेन अँड व्हॅन इंगेन या पेढीचं नाव सापडतं. विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९९९ पर्यंत ही पेढी चालली आणि देशभरचे संस्थानिक, साहेब, जमीनदार आपली जनावरं तिच्याकडे धाडत. हे लेबल, तो क्रमांक, ती चकती हेच तुमच्या दस्तऐवजाचे सही-शिक्के. फळी बदलताना ते कचऱ्यात गेले तर प्रमाणपत्रावरचं मुंडकं आणि भिंतीवरचं मुंडकं एकच, हे सिद्ध करायचं साधन हातचं जातं. म्हणून फळी बदलायची नाही. अगदीच कुजली असेल तर आधी उपवनसंरक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवून, सगळ्या बाजूंनी मोजपट्टीसह फोटो काढून, मगच हात लावायचा, आणि जुन्या फळीचा खुणा असलेला तुकडा सांभाळायचा.

नव्याने ‘भरून घेणं’ हा मोह याहून मोठा. नाक तडकलंय, कानाची कड खाल्लीय, डोळ्याभोवतीचा रंग उडालाय; कुणाकडून तरी ताजंतवानं करून घ्यावं असं वाटणं साहजिक आहे. पण ट्रॉफी भरण्याचा धंदा करायला परवाना लागतो, आणि ‘आम्ही गुपचूप करून देतो’ म्हणणाऱ्याकडे नोंदलेली वस्तू सोपवणं म्हणजे स्वतःहून गोत्यात येणं. महाराष्ट्रात ही विद्या शास्त्रशुद्ध रीतीने चालते ती बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या केंद्रात. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने २००९ साली ते उभं राहिलं. तिथे उद्यानांत आणि प्राणिसंग्रहालयांत मेलेली जनावरं अभ्यासासाठी जपली जातात. घरोघरच्या मुंडक्यांना रंगरंगोटी करून देणारं ते दुकान नव्हे. आणि समजा कुशल हात मिळाला, तरी माझा सल्ला कमीत कमी हात लावण्याचाच राहील. जुन्या मुंडक्यात मूळ जनावराचं असं फार थोडं असतं. कातडं, शिंगं, शिंगांखालचा कवटीचा तुकडा, वाघ-बिबट्याच्या बाबतीत बहुधा दातांसकट कवटी. डोळे काचेचे, जीभ मेणाची किंवा प्लॅस्टरची, आतला आकार कागदाच्या लगद्याचा नाहीतर गवत आणि लाकडी भुश्याचा. कातडं वाळताना आक्रसतं, आतला साचा आक्रसत नाही, म्हणून ओठ, नाक आणि शिवणी आधी फाटतात. तिथे पुट्टी भरून तेलरंग फासला की भेग चार दिवस दिसत नाही, पण नाकपुडीवरचं मूळ कातडं कायमचं रंगाखाली जातं. सुटलेलं शिंग फेव्हिक्विकने चिकटवणारे तर पुढच्या दुरुस्तीची वाटच बंद करतात. जी जोड पुन्हा सोडवता येईल तीच जोड बरी, हा संग्रहालयांचा नियम घरालाही लागू आहे.

हात न लावण्याचं याहून गंभीर कारण विष हे आहे. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेट्झ गावच्या बेकेर नावाच्या औषधविक्याने सोमलाचा साबण शोधून काढला. सोमल, कापूर, साबण, चुना असं ते मिश्रण कातड्याला आतून चोपडलं की किडा फिरकत नसे. हा उपाय इतका चालला की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगभरच्या पेढ्यांनी आणि संग्रहालयांनी तो वापरला. कुठे पाऱ्याचे क्षार वापरले, नंतर नंतर डीडीटीही भुरभुरली. सोमल उडून जात नाही की जुना होऊन निकामी होत नाही. कातडं सुकतं, शिवण उसवते आणि ती पूड डोळ्यांच्या, कानांच्या, शिंगांच्या बुडाशी पांढरट कणांच्या रूपाने वर येते. सगळ्याच पांढऱ्या कणांत सोमल असतो असं नाही, आणि ज्यावर कण दिसत नाहीत ते सुरक्षित असंही नाही. म्हणून १९८० च्या आधीचं प्रत्येक मुंडकं आणि प्रत्येक कातडं विषारी आहे असं समजूनच वागावं. यातून मांडणीचे कितीतरी प्रश्न परस्पर निकालात निघतात. वाघाचं कातडं जमिनीवर अंथरायचं नाही, त्यावर रांगतं मूल सोडायचं नाही. जेवणाच्या टेबलावर, पाळण्यावर, पलंगावर, लहान मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर मुंडकं लावायचं नाही. दिवाळीच्या साफसफाईत मोलकरणीला फडकं देऊन ‘तेवढा तो वाघ पूस’ सांगणं तर निव्वळ अन्याय आहे. साफ करायचंच असेल तर हातमोजे आणि चांगला मास्क घालावा, मऊ ब्रश केसांच्या दिशेने अलगद फिरवावा आणि वापरलेलं सगळं पिशवीत बांधून टाकावं. ओलं फडकं, शाम्पू, खोबरेल हे अजिबात नको. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक धूळ मागून परत खोलीतच सोडतो, म्हणून तोही नको.

हे मान्य केलं की मांडणीच्या पद्धतीची निवडही सोपी होते. मी काचेच्या बंद पेटीच्या बाजूचा आहे. पेटीत ठेवलं की शिकारीचा रुबाब जातो, दुकानातल्या मालासारखं दिसतं, ही तक्रार मला ठाऊक आहे आणि ती काही अंशी खरीही आहे. पण पेटी एकाच वेळी माणसाला विषापासून आणि वस्तूला धूळ, कसर, उंदीर आणि हात लावणाऱ्या पाहुण्यांपासून वाचवते, आणि हे दुसऱ्या कुठल्याही पद्धतीला जमत नाही. फक्त ती करताना आपल्या हवेचा विचार हवा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हवेतला दमटपणा आठवडेच्या आठवडे ऐंशी टक्क्यांच्या वर राहतो. कातड्याला मानवतो तो साधारण ४५ ते ५५ टक्के, आणि सत्तरीच्या घरात गेला की बुरशी धरते. जुलैत पेटी घट्ट बंद केली तर ओल आतच कोंडली जाते आणि काचेआड बुरशी सुखाने वाढते. म्हणून पेटीचं काम थंडीत काढावं, लाकूड, प्लायवूड आणि पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत ती उघडी ठेवावी, मुंडकं कोरड्या हवेत काही दिवस राहू द्यावं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून पेटी बंद करावी. विदर्भाची अडचण नेमकी उलट. तिथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा खडखडीत कोरडी होते, शिवणी उकलतात आणि वाघाचे सुळे उभे तडकतात. तिथल्या घरात पेटी उन्हाच्या भिंतीपासून, कूलरच्या झोतापासून दूर, घराच्या आतल्या भागात हवी. आज कूलरची ओल आणि उद्या रखरखीत कोरडी हवा अशी उलथापालथ कातड्याला सर्वांत जास्त मारक.

भिंतीच्या बाबतीत जुन्या घरांत फसगत होते. वाड्याच्या भिंती मातीच्या, पांढरीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांच्या. वरचा गिलावा भक्कम दिसतो, पण गव्याच्या मुंडक्याचा भार त्यातला खिळा वर्षानुवर्षं पेलत नाही. वजनदार मुंडकं तुळईला किंवा खांबाला आधार घेऊन, दोन ठिकाणी पेललं जाईल असं अडकवावं आणि फळीमागे बोटभर हवा खेळू द्यावी, म्हणजे भिंतीची ओल थेट लागत नाही. पश्चिमेची पावसाळी भिंत टाळावीच. देवघराजवळची जागाही नको. धूप, उदबत्ती आणि निरांजनाची काजळी केसांवर बसली की निघत नाही. प्रकाशाचं म्हणाल तर ऊन अजिबात नको आणि मुंडक्यावर रोखलेला दिवाही नको. अशा वस्तूंसाठी संग्रहालयं ५० लक्स धरतात, म्हणजे जवळ जाऊन नीट पाहता येईल पण लांबून झळकणार नाही इतपत उजेड. झळकावं म्हणून जो दिवा लावायचा, तोच काही वर्षांत काळविटाची काळी पाठ तांबूस करून टाकतो.

किडीकडे मात्र दुर्लक्ष करून चालत नाही. फळीखाली, पेटीच्या तळाशी भुश्यासारखी बारीक पूड, बारीक केसाळ टरफलं, गळलेले केसांचे झुबके दिसले की कसर लागली समजावं. काळवीट, गवा, चौशिंगा यांच्या शिंगांवरचं आवरण नखासारख्या द्रव्याचं असतं आणि किडे तेही खातात. चितळ-सांबराची शिंगं भरीव हाडाची, ती तुलनेने टिकतात. डांबरगोळ्या भरपूर टाकल्या की काम झालं, ही समजूत जुनी आहे. त्या बंद पेटीत वाफ कोंडतात, माणसाला त्रास देतात आणि आत बसलेल्या अळीचं फारसं काही बिघडवत नाहीत. पेस्ट कंट्रोलचा फवारा केसांवर डाग पाडतो. संग्रहालयांची रीत थंडीची आहे. वस्तू पॉलिथिनमध्ये हवाबंद गुंडाळून उणे २० अंशांत आठवडाभर ठेवायची, बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. छोटी शिंगं आणि लहान कातडं घरच्या डीप फ्रीझरमध्ये मावतं, पण जिथे खाणं ठेवता तिथे सोमल नेऊ नये. वेगळा फ्रीझर हवा. आणि कुणी मोठं मुंडकं आइस्क्रीमच्या गोदामात नेऊन ठेवायचा विचार करत असेल, तर बिबट्या गुंडाळून टेम्पोत घालण्यापूर्वी त्याने वनखात्याचं पत्र खिशात घालावं. राज्याबाहेर न्यायचं असेल तर नियम अधिक स्पष्ट आहे. पुण्याहून बंगळुरूला बिऱ्हाड हलवताना ट्रॉफी सोबत नेली, तर ३० दिवसांच्या आत तिथल्या अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. परदेशी राहणाऱ्या भावाने ‘माझा वाटा’ म्हणून कातडं मागितलं तर सरळ नाही म्हणावं.

पेटीला आतून जे लावायचं ते मी सर्वांत महत्त्वाचं मानतो, आणि ते म्हणजे टिपण. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ ची. तिने १९११ ते १९२३ या काळात हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या सस्तन प्राण्यांची पाहणी केली. त्या संग्रहातली कातडी शंभर वर्षांनंतरही अभ्यासकांच्या कामी येतात, कारण प्रत्येकाला चिठ्ठी आहे: नर की मादी, कुठल्या गावच्या शिवारात, कुठल्या तारखेला, लांबी-उंची किती, मिळवलं कुणी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या संग्रहालयांतल्या जुन्या भारतीय वाघांच्या अवशेषांतून जनुकीय नमुने घेऊन आजच्या वाघांशी ताडून पाहिले. त्या जुन्या वाघांतलं बरंचसं वैविध्य आज शिल्लक नाही, असं त्यातून दिसलं. घरच्या भिंतीवरच्या वाघातही ती माहिती असू शकते, पण तो मेळघाटातला की दांडेलीचा हेच ठाऊक नसेल तर तिचा उपयोग शून्य. आजोबांच्या पिढीतलं कुणी हयात असेल तोवर हे विचारून लिहून घ्यावं. आणि लिहिताना खरं लिहावं. जबडा वासलेला, सुळे दाखवणारा वाघ ही मुख्यतः पेढीच्या कारागिरांची रूढी. तो साचा गिऱ्हाइकाला आवडे म्हणून होता. बहुतेक वाघ मचाणावरून, रेडकू बांधून किंवा हाका करून मारले गेले. चिठ्ठीवर ‘नरभक्षक’ लिहायचा मोह होतो; पुरावा असेल तरच लिहावं.

इथे जे लोक रागावतात त्यांचं म्हणणं मी समजू शकतो. ‘त्या काळी शिकार पराक्रम मानली जात होती, आजच्या चष्म्यातून आजोबांना का बघता?’ पण टिपण लावण्यात त्यांचा पाणउतारा कुठे आहे? मचाण, हाका, परवाना, साल हे खरं लिहिलं तर त्या काळाची नोंद होते. सोफ्यावर नुसता दात विचकलेला वाघ टांगला तर नातवाच्या मित्रांना फक्त दोनच गोष्टी दिसतात, घमेंड किंवा क्रौर्य. व्यंकटेश माडगूळकरांसारखा माणूस बंदुकीकडून दुर्बिणीकडे वळला, आणि त्याआधीची शिकार त्याने लपवली नाही. घरातल्या वस्तूलाही तेवढा प्रामाणिकपणा झेपेल. याच्या विरुद्ध टोकाचे लोक म्हणतात, हे सगळं पाप आहे, जाळून टाका, विहिरीत टाका. असं कदापि करू नये. सोमलाचं कातडं जाळलं तर विषारी धूर होतो, विहिरीत टाकलं तर पाणी नासतं. आणि नोंदवलेली वस्तू गायब झाली की ‘विकली कुणाला?’ या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसतं. विकणं तर पूर्ण बंद आहे. चित्रीकरणाला भाड्याने देणंही याच व्यापारी देवघेवीत मोडू शकतं, त्यामुळे वाडा शूटिंगला देणाऱ्यांनी आधी भिंतीकडे पाहावं. राहिलं पूजेचं मृगाजिन किंवा व्याघ्राजिन. त्याला धर्माच्या नावाने वेगळी सवलत आहे असं मानू नये. तेही कातडंच, आणि त्यावर उघड्या अंगाने बसणाऱ्याने सोमलाची गोष्ट आठवावी.

हे सगळं झेपणारं नसेल, म्हणजे प्रमाणपत्र आहे पण कोरडी भिंत नाही, पेटीचा खर्च नाही किंवा पुढच्या पिढीला ते घरात नकोच आहे, तर ट्रॉफी न लावणं हाही मांडणीचाच एक निर्णय आहे आणि तो कमीपणाचा नाही. २०२२ च्या दुरुस्तीने यासाठी सरळ वाट दिली आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांना कामकाजाच्या सात दिवसांची सूचना देऊन प्रमाणपत्रधारक वस्तू शासनाकडे स्वेच्छेने जमा करू शकतो. मोबदला मिळत नाही, प्रमाणपत्र रद्द होतं, वस्तू सरकारची होते. देताना टिपणाची प्रत, जुने फोटो, पेढीचं लेबल सोबत द्यावं आणि पोच घ्यावी. घरात आठवण म्हणून फोटो आणि शिकारीच्या रोजनिशीचं पान चौकटीत लावलं तर कुठलाच कायदा आड येत नाही, कसर लागत नाही आणि विषही नसतं. दस्तऐवज म्हणून खरं तर एवढंच पुरे असतं. ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांनी घाबरून काही उचलाउचल करू नये. वन्यजीव कायद्याची माहिती असलेला वकील गाठावा आणि त्याच्यासोबत आपल्या भागाच्या उपवनसंरक्षकांना भेटावं. मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपूरला आहे. आणि ज्यांच्या घरी वारसा उघडून अजून ९० दिवस झालेले नाहीत, त्यांनी फळी, पेटी, दिवा हे सगळं बाजूला ठेवून या आठवड्यात घोषणापत्राचा अर्ज द्यावा.